बिबट्या उसात, पिस्तूल कमरेला : बंदूक ठेवणं हा आपला हक्क आहे की सरकारची मेहेरबानी?

डिसेंबर २०२०. सोलापूर जिल्ह्याचा करमाळा तालुका दहशतीत होता. बीड आणि नगर जिल्ह्यांत माणसं मारणारा बिबट्या करमाळ्यात शिरला होता आणि काही दिवसांतच त्याने तालुक्यात तिघांचा जीव घेतला. अंजनडोह, चिखलठाण ही नावं तेव्हा रोज बातम्यांत होती. पिंजरे लावले, ट्रॅप कॅमेरे लावले, बाहेरून पथकं आली, पण बिबट्या काही सापडेना. शेवटी वनविभागाने त्याला गोळी घालायची परवानगी दिली. १८ डिसेंबरला वांगीजवळच्या बिटरगावात, केळीच्या बागेत, अकलूजच्या धवलसिंह मोहिते-पाटील यांच्या गोळीने तो मेला.

टेंभुर्णी इथून लांब नाही. पुणे-सोलापूर हायवेवरून करमाळ्याकडे वळलं की कंदर लागतं आणि तिथून पुढे हाच केळीचा, उसाचा आणि उजनीच्या पाण्याचा पट्टा. या भागातल्या शेतकऱ्याचं दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे. शेतीपंपाची लाइट अनेकदा रात्री येते. म्हणजे माणूसभर उंचीच्या उसात, हातात बॅटरी आणि खांद्यावर खोरं घेऊन रात्री दोन वाजता बारं द्यायला जायचं. त्यात बिबट्या फिरतोय म्हटल्यावर पारावर एकच विषय निघतो, "आपल्याकडं बंदूक का नाही?"

प्रश्न साधा वाटतो, पण या प्रश्नावर गांधींपासून आंबेडकरांपर्यंत सगळ्यांनी डोकं लावलंय. अमेरिकेत त्यावर निवडणुका लढवल्या जातात. आणि भारताच्या कायद्यात त्याचं जे उत्तर आहे ते बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा बरंच वेगळं आहे.

आधी दुसऱ्या बंदुकीबद्दल

कारण महाराष्ट्रात गेल्या दोन-तीन वर्षांत बंदुकीची चर्चा झाली ती बिबट्यामुळे नाही, माणसांमुळे झाली.

२ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये, भाजपचे आमदार गणपत गायकवाड यांनी शिवसेनेच्या महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याचं सीसीटीव्ही फुटेज अख्ख्या राज्याने पाहिलं. पुढच्या सहाच दिवसांत, ८ फेब्रुवारीला, दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा फेसबुक लाइव्ह चालू असताना खून झाला. मारणाऱ्याने नंतर स्वतःलाही संपवलं. तपासात पुढे आलेली गोष्ट कायद्याच्या दृष्टीने जास्त गंभीर होती. पिस्तूल मारणाऱ्याचं नव्हतंच. ते त्याच्या बॉडीगार्डचं होतं आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशातला होता.

मग ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यात बंदूक वापरली गेली नव्हती. पण त्यानंतर बीडमधल्या मंडळींचे हवेत गोळीबार करतानाचे, कमरेला पिस्तूल खोचलेले व्हिडिओ एकामागून एक बाहेर यायला लागले. जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्र परवाने आहेत, असं अंजली दमानिया यांनी समोर आणलं आणि लोक विचारायला लागले, एवढ्या परवान्यांची गरज बीडला कशासाठी? प्रशासनाने छाननी सुरू केली आणि गुन्हे दाखल असलेल्या अनेकांचे परवाने निलंबित किंवा रद्द झाले. म्हणजे गुन्हे दाखल असतानाही ते तोवर चालूच होते.

शेतकऱ्याची गरजेची बंदूक आणि रीलमधली मिरवायची बंदूक, दोन्हींना कायदा एकच आहे. सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात.

इंग्रजांनी शस्त्रं काढून घेतली, मग स्वराज्यात परत का नाही दिली?

१८५७ नंतर इंग्रजांनी हिंदुस्थानी माणसाकडची शस्त्रं काढून घ्यायला सुरुवात केली. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळात आर्म्स अ‍ॅक्ट आला. हिंदी माणसाला शस्त्र बाळगायचं तर परवाना हवा, युरोपियनाला मात्र सूट. राग परवान्यापेक्षा या भेदावर जास्त होता. काँग्रेस स्थापन झाल्यानंतर दोनच वर्षांत, १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून, या कायद्याविरुद्ध ठराव व्हायला लागले. अहिंसेचा पुजारी म्हणून जग ज्यांना ओळखतं त्या गांधींनीही पहिल्या महायुद्धाच्या काळात या कायद्यावर कडाडून टीका केली होती. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला त्यात तर नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क सरळ लिहिलेला होता.

म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यावर हा हक्क राज्यघटनेत यायला हवा होता. तसा प्रयत्नही झाला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. त्यांचा युक्तिवाद कराचीच्या ठरावावरच उभा होता. आपणच मागितलेली गोष्ट आता आपल्या हातात सत्ता आल्यावर का नाकारायची?

डॉ. आंबेडकरांनी ती दुरुस्ती फेटाळली. त्यांचं म्हणणं असं की, ब्रिटिश सरकार लोकांना शस्त्र नाकारत होतं तेव्हा त्या मागणीला अर्थ होता, आता परिस्थिती बदललीय. आणि प्रत्येकाला बाजारात जाऊन हवं ते हत्यार विकत घ्यायचा हक्क मिळाला तर राज्यकारभार चालवणंच अशक्य होईल. दुरुस्ती नामंजूर झाली.

घटनेच्या कलम १९ मध्ये नागरिकांना एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य आहे, पण ते "शांततेने आणि शस्त्राविना". ठळक अपवाद एकच, तो कलम २५ च्या स्पष्टीकरणात शीख धर्मीयांच्या कृपाणाचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांच्या सुळसुळाटाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हाही न्यायालयाने हेच सांगितलं की अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क भारतात कुणालाही नाही.

अमेरिकेत उलट आहे. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत हा हक्क लिहिलाय आणि २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क असल्याचं ठरवलं. त्यामुळे तिथे बंदी घालणाऱ्या सरकारला कारण द्यावं लागतं. आपल्याकडे बंदूक मागणाऱ्याला द्यावं लागतं.

पण "मूलभूत हक्क नाही" म्हणजे "काहीच हक्क नाही" असं नाही

ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये परवाना मिळायचे दोन दरवाजे आहेत.

पहिला दरवाजा लांब नळीच्या साध्या बंदुकीचा. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक हवी असेल, म्हणजे आपण ज्याला बारा बोअरची छऱ्याची बंदूक म्हणतो ती, किंवा खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर परवाना अधिकाऱ्याने तो "द्यावा" असं कायदा म्हणतो. "देऊ शकेल" असा शब्द नाही. पिकासाठी ठासणीची बंदूक पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर त्याहून चांगली छऱ्याची बंदूक देता येते.

दुसरा दरवाजा बाकी सगळ्याचा, म्हणजे पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, रायफल यांचा. इथे अर्जदाराकडे "योग्य कारण" असल्याची खात्री अधिकाऱ्याला पटली पाहिजे. जिवाला धोका, तो कशामुळे, पोलिसांचा अहवाल काय म्हणतो, हे सगळं इथे येतं.

कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात हिशोब सरळ होता. लांब बंदूक कमरेला खोचता येत नाही, खिशात लपत नाही, ती घेऊन गर्दीत शिरता येत नाही. ती शेतावरची आणि घरातली वस्तू. त्यामुळे ती सोपी, आणि पिस्तूल अवघड.

प्रत्यक्षात चित्र उलटं दिसतं, आणि या कायद्यावरची सगळ्यात मोठी टीका हीच व्हायला हवी. कमरेला पिस्तूल लावून फिरणारे कोण असतात हे कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी लग्नात उभं राहिलं की कळतं. त्यांत रात्री बारं देणारा शेतकरी क्वचितच असतो.

कलम १४ मध्ये नकाराची कारणं आहेत. अर्जदार कायद्याने अपात्र असेल, मानसिक स्थिती ठीक नसेल, किंवा सार्वजनिक शांततेसाठी नकार गरजेचा वाटला, तर पहिल्या दरवाजातूनही नकार मिळू शकतो. "सार्वजनिक शांतता" हा शब्द एवढा सैल आहे की त्यात काहीही बसतं. पण त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे, जे अर्जदाराने पाठ करून ठेवावं : पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. बंदूक हे श्रीमंतीचं लक्षण आहे असं आपल्याकडे अजून मानलं जातं, कायद्याने ते १९५९ मध्येच नाकारलंय.

टेंभुर्णीतून अर्ज केला तर काय होतं?

सोलापूर शहरात पोलीस आयुक्तालय आहे, तिथे परवान्याचा अधिकार पोलीस आयुक्तांचा. टेंभुर्णी माढा तालुक्यात, म्हणजे सोलापूर ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत. त्यामुळे इथला परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून, जिल्हादंडाधिकारी म्हणून निघतो. अर्ज तिथे गेला की तो फिरत फिरत स्थानिक पोलीस ठाण्याकडे येतो. गुन्हे आहेत का, भांडणं आहेत का, शेजारी काय म्हणतात, धोका खरा आहे का, याचा अहवाल वर जातो.

वय किमान २१ हवं. २०१६ च्या शस्त्र नियमांनी शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं आणि शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणलं, घरात शस्त्र सुरक्षित ठेवायची सोय आहे हे दाखवणं आलं. प्रत्येक परवानाधारकाला एक युनिक नंबर मिळतो आणि त्याची नोंद देशभराच्या एकाच ऑनलाइन यादीत होते. एका राज्यातला परवाना दुसऱ्या राज्यात कुणाच्या कमरेला आहे हे कळावं हाच त्याचा हेतू, पण दहिसरच्या घटनेने दाखवलं की नोंद असणं आणि लक्ष असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डिसेंबर २०१९ मध्ये कायदा आणखी कडक झाला. आधी एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या, आता दोन. विनापरवाना बंदूक सापडली तर किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद. बेकायदा बनवणं किंवा विकणं यात सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. आणि लग्नात, मिरवणुकीत, देवळासमोर आनंदाच्या भरात दुसऱ्याचा जीव धोक्यात येईल असा गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बंदूक परवान्याची असली तरीही. रील करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं, कारण पोलिसांना वेगळा पुरावा शोधावा लागत नाही, तो तुम्हीच अपलोड केलेला असतो.

बरं, परवाना मिळाला. आता बिबट्या मारता येतो का?

नाही. इथे बंदुकीचा कायदा संपतो आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा सुरू होतो. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे सर्वाधिक संरक्षण. तो माणसाच्या जिवाला धोकादायक झालाय आणि पकडता किंवा बेशुद्ध करता येत नाही अशी खात्री पटल्यावरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देऊ शकतात. करमाळ्यात तेच झालं होतं. अंगावर आलेल्या जनावरापासून प्रामाणिकपणे जीव वाचवताना ते मेलं तर तो गुन्हा ठरत नाही, पण ते तसंच घडलं हे नंतर पटवून द्यावं लागतं.

रानडुक्कर आणि रोह्याचं वेगळं आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या या दोन प्राण्यांसाठी राज्य सरकारने २०१५ मध्ये शासन निर्णय काढून वनाधिकाऱ्यांच्या परवानगीने शिकारीची वाट ठेवलीय. पण परवानगी मिळाली तरी बंदूक परवान्याचीच लागते. म्हणजे शेतकऱ्याला एका रानडुकरासाठी दोन खात्यांची दारं वाजवावी लागतात.

शिवाय बिबट्याच्या बाबतीत एक व्यवहारी अडचण आहे, ती पारावरच्या चर्चेत येत नाही. बिबट्या मागून येतो, वाकलेल्या माणसावर येतो. करमाळ्यातला बिबट्या पथकांना, सराईत नेमबाजांना दिवसेंदिवस हुलकावणी देत होता. अंधारात, ओल्या सरीत, एका हातात खोरं असलेल्या माणसाला ठासणीची बंदूक कितपत उपयोगी पडेल? आणि घाबरून झाडलेले छरे शेजारच्या सरीत बारं देणाऱ्या भावाला लागले तर?

मग वाद नेमका कशावर आहे?

नियम सैल करा म्हणणाऱ्यांचा सगळ्यात मजबूत मुद्दा असा : गुन्हेगार परवाना काढायला जातच नाहीत. महाराष्ट्रात पकडल्या जाणाऱ्या गावठी कट्ट्यांच्या तपासात उमर्टी हे नाव सतत येतं. मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातलं हे गाव जळगावच्या चोपडा तालुक्याला अगदी लागून आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तिथे जाऊन छापा टाकला आणि शस्त्रं बनवायच्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. आपल्याकडच्या गोळीबाराच्या खुनांत बहुतांश वेळा विनापरवाना शस्त्रच असतं. म्हणजे कायदा पाळणारा माणूस रिकाम्या हाताने बसतो आणि न पाळणारा कट्टा घेऊन फिरतो.

शेजारच्या कर्नाटकातलं उदाहरणही ते देतात. कोडगूमध्ये कोडवा समाजाला आणि जम्मा जमिनीच्या मालकांना ठरावीक बंदुकांसाठी परवान्यातून सूट आहे, ती इंग्रजांच्या काळापासून चालत आलीय. केंद्राने २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षं वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. तिथे घरोघरी बंदूक आहे, सणाला तिची पूजा होते आणि रोज मुडदे पडत नाहीत. मग बाकीच्यांवर अविश्वास का?

दुसऱ्या बाजूचं उत्तर आकड्यांत आहे. केंद्रीय गृह खात्याच्या २०१६ अखेरच्या माहितीप्रमाणे देशात ३३.६९ लाख शस्त्र परवाने होते. त्यातले १२.७७ लाख एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात ८४ हजार. परवाने वाढले म्हणून सामान्य माणूस जास्त सुरक्षित झाला असं उत्तर प्रदेशकडे बघून कुणी म्हणणार नाही. जगात बघायचं तर ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये पोर्ट आर्थर इथे एका बंदूकधाऱ्याने ३५ जणांना मारलं. त्यानंतर सरकारने कायदा बदलला आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडून पैसे देऊन परत घेतल्या. घरात बंदूक असली की भाऊबंदकीचं भांडण, दारू किंवा निराशेचा एक वाईट क्षण पुरतो. बांधावरून कुऱ्हाडी निघतात त्या गावात बंदुका निघाल्या तर काय होईल, हे सोलापूरकरांना समजावून सांगायची गरज नाही.

कोडगूचं उदाहरणही पूर्ण सांगायला हवं. तिथे सूट आहे ती ठरावीक लोकांना आणि ठरावीक बंदुकांनाच.

तिसरा वाद अधिकाऱ्याच्या मर्जीचा. २०२५ मध्ये पुण्यात हे ठळकपणे दिसलं. पोलीस आयुक्तांनी नाकारलेला एक अर्ज अपिलात गृह राज्यमंत्र्यांनी मंजूर केला. अर्जदार एका गाजलेल्या गुंडाचा भाऊ निघाल्यावर मोठा गदारोळ झाला. मंत्र्यांची बाजू अशी की तो न्यायालयातून निर्दोष सुटलाय. पोलिसांनी प्रत्यक्ष परवाना काही दिला नाही. आता निर्दोष सुटलेल्या माणसाला नाकारायचं कोणत्या आधारावर, आणि पोलिसांची शंका असताना द्यायचं तरी कोणत्या? कायद्यात याचं नेमकं उत्तर नाही.

निवडणुका आल्या की आणखी एक भांडण निघतं. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या नोटिसा जातात. सरसकट सगळ्यांना असं करता येत नाही, प्रत्येक प्रकरण तपासा, हा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात २००९ मध्ये गाजला. त्यानंतर छाननी समितीची पद्धत आली. जामिनावर असलेले, गुन्ह्यांची किंवा दंगलीची पार्श्वभूमी असलेले यांची शस्त्रं आधी जमा करायची. पीकसंरक्षणासाठी बंदूक असलेल्या शेतकऱ्याची अडचण अशी की निवडणूक असते म्हणून रानडुक्कर यायचं थांबत नाही.

नाकारलं तर?

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागायचं. सार्वजनिक हिताच्या नावाखाली अधिकारी ते क्वचित रोखू शकतात, पण एरवी कारण नोंदवणं आणि मागितल्यावर देणं बंधनकारक आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर ३० दिवसांच्या आत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं, टेंभुर्णीकरांसाठी ते पुण्याला. अर्ज पीकसंरक्षणाचा असेल तर त्यात पिस्तुलाचं नाव चुकूनही घालू नये. सातबारा, नुकसानीचे पंचनामे, वनविभागाकडे केलेल्या तक्रारी जोडाव्यात आणि कलम १३ मधल्या पहिल्या दरवाजाचा स्पष्ट उल्लेख करावा.

बाकी बिबट्याची भीती घालवायची असेल तर शेतकरी बंदुकीच्याही आधी जे मागतात ते म्हणजे दिवसा लाइट. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा नेमका त्यासाठीच आणलाय. ज्या फीडरवर ती लाइट दिवसा आली, तिथल्या माणसाला रात्री दोन वाजता उसात जायचं कारण उरत नाही. ज्या फीडरवर नाही आली, तिथे आजही बॅटरी, काठी आणि सोबतीला कुत्रं एवढंच असतं.